तुम्ही विचारलंत म्हणून: काउबॉइज सोडून टेक्सन्स का?

डॅलसमध्ये राहून १८ वर्षं झाली आणि प्रश्न तोच. डॅलसची आजची अमेरिकन फुटबॉलची टीम काउबॉइज, ती सोडून त्याच एनएफएल लीगमधल्या, १९५२च्या डॅलस टेक्सन्सचं तुम्हाला एवढं काय? गणपतीत विचारतात, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारतात. एकदाच लिहून टाकतो.

कौतुक वगैरे नाही. टीम वाईटच होती. १२ सामने, ११ हार. केले १८२ गुण, दिले ४२७. कापडगिरणीवाल्या गाइल्स मिलरने न्यूयॉर्क यँक्स या टीमचा उरलासुरला संच डॅलसच्या कॉटन बोलमध्ये आणला आणि ७५ हजारांच्या त्या स्टेडियममध्ये पहिल्याच सामन्याला जेमतेम सतरा-अठरा हजार माणसं आली. नोव्हेंबरच्या मध्याला पैसे संपले, टीम लीगच्या गळ्यात. मग सराव पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला, चॉकलेटच्या गावी, आणि उरलेले सगळे सामने परमुलखात.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो, डॅलसच्या लोकांनीच टीम मारली, त्यांना कॉलेजच्या फुटबॉलपलीकडे काही दिसत नव्हतं. आता हे वाक्य घशात अडकतं. टेक्सन्सचे बडी यंग आणि जॉर्ज टॅलिआफेरो, म्हणजे ज्यांच्यासाठी तिकीट काढावं असे खेळाडू, कृष्णवर्णीय होते. आणि त्यांच्या माणसांना त्याच कॉटन बोलमध्ये वेगळं बसवत. मग ‘लोक आले नाहीत’ म्हणजे नक्की कोण आले नाहीत? पण सगळं खापर तिथेच फोडावं तर गोरेही कुठे आले होते?

‘पण शेवट गोड झाला ना,’ असंही म्हणतात. खेळाडू बाल्टिमोरला गेले, १९५८ला तिथली टीम कोल्ट्स विजेती ठरली, त्यात टेक्सन्समधले मार्केटी आणि डॉनोव्हन होते. झालं असेल बाल्टिमोरचं गोड.

माझं घोडं अडतं ते २७ नोव्हेंबरला. थँक्सगिव्हिंगचा दिवस, ओहायोतलं अ‍ॅक्रन. नऊ सामने हरून आलेली टीम, समोर शिकागो बेअर्स, प्रेक्षक तीन हजारांच्या आसपास. कोच जिमी फीलन खेळाडूंना म्हणाला, मैदानावर तुमचं एकेकाचं नाव कशाला पुकारायचं, वर प्रेक्षकांत जाऊन प्रत्येकाशी हातच मिळवून या. त्या दिवशी ते २७-२३ जिंकले. बेअर्सचा कोच हॅलस याने सुरुवातीला राखीव गडी उतरवले होते, हे मला ऐकवू नका. ठाऊक आहे. तुमच्यासमोर ‘विजय तो विजय’ म्हणून भांडतो आणि घरी जाताना गाडीत मलाच ते पटत नाही.

हात मिळवण्याचं एवढं का लागलंय? नऊ वर्षांपूर्वी मी पदरचे पैसे घालून इथे नाटकाचा प्रयोग लावला होता. शाळेचं सभागृह, ६०० खुर्च्या. आले ३७. पहिली घंटा झाली तरी मी दारातच, पार्किंगकडे डोळे लावून. कोणी लांब डावीकडे, कोणी मागच्या दाराशी, एक आजोबा एकटेच मधल्या रांगेत, मांडीवर कानटोपी. नाटकातल्या ज्येष्ठ नटाने विंगेतून बोलावून सांगितलं, ‘अहो, सगळ्यांना पुढे बोलवा. दोन शब्द बोला, चहा द्या, मग पडदा उघडू.’ मी म्हटलं, नंबरची तिकिटं आहेत, ज्याची त्याची जागा. खरं कारण निराळं होतं. पुढे बोलावलं असतं तर ३७ माणसं एका नजरेत मोजता आली असती. तिसरी घंटा दिली. विनोद दूरदूरच्या खुर्च्यांवर पडत राहिले, हशा कुठेच जमेना. मध्यंतरात मी बटाटेवड्यांच्या टेबलाकडेही फिरकलो नाही, आत लाइटवाल्यापाशी बसून राहिलो. १५० वडे उरले.

तेव्हाही म्हणालो होतो, आपल्या लोकांना नाटकाची कदर नाही. मिलरपेक्षा मी काय वेगळा? पण त्याला निदान एक फीलन भेटला होता, असं म्हणायला जावं तर मलाही भेटलाच होता की, विंगेत.

प्रयोग संपल्यावर ते आजोबा शोधत आत आले. कानटोपी घालत म्हणाले, ‘पुढचा केव्हा?’ माझ्या हातात गल्ल्याचा डबा होता. तो खाली न ठेवताच मी ‘बघू’ म्हटलं.