बावीस टाके, दहा सेंटिमीटर

महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा शाळेचा निरोप आला. स्नेहसंमेलनं, सहली, मैदान यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी उन्हाळी सुट्टीतल्या विणकामाच्या वर्गात बाई जे शिकवायच्या, ते शक्य तितक्या नेमकेपणानं लिहून ठेवते. व्हिडिओ बघून सुया हातात घेणाऱ्या आजच्या मुलामुलींना टाका दिसतो, पण तो का बिघडला हे कळत नाही. ते कळायला हवं, म्हणून हे लिहिणं.

मे महिन्यात वर्गाची सुरुवात लोकरीनं होत नसे, सुती दोऱ्यानं आणि क्रोशाच्या सुईनं होई. घामेजल्या हातात ॲक्रिलिक लोकर सुईला चिकटते, टाका पुढे सरकत नाही, मग मूल दोरा ओढतं आणि पुढचा टाका आणखी घट्ट होतो. सुती दोऱ्याला ही अडचण कमी. शिवाय क्रोशात सुईवर एकच टाका असतो. सुई निसटली तरी एवढासाच भाग उसवतो. दोरा जाड आणि फिक्या रंगाचा हवा, सुई साधारण ४ मिमीची. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाक्याचं तोंड दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते शिकता येत नाही. २० आणि ४० नंबरचा दोरा नंतर. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेलं असे.

पहिला धडा साखळीचा. सुईवरचा टाका मोजायचा नाही. २० खांब, म्हणजे सुईला एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके, हवे असतील तर २२ साखळ्या घालायच्या आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्यायचा. सुटलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब होतो. पुढच्या प्रत्येक ओळीला आरंभी तीन साखळ्या, त्यांच्या बुडाचा खांब सोडायचा आणि शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा. नव्वद टक्के चौकोन इथेच त्रिकोण होतात. शेवटचा खांब विसरला की दर ओळीला एक कमी होतो, बुडाचा खांब न सोडता त्यातच घातला तर एक वाढतो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर मोजणी बरोबर येते आणि कडा मात्र वेडीवाकडी होते. ही चूक सर्वांत उशिरा सापडते. म्हणून नुसतं मोजायचं नाही, कडेचा खांब कुठून उगवला आहे तेही पाहायचं. चौकोनाचं बूड आत ओढलं जात असेल तर साखळी घट्ट झाली आहे. तेवढ्यापुरती एक नंबर जाड सुई घ्यावी.

गोल रुमालाचा धडा मला विणकामापेक्षा भूमितीचा वाटतो. चार साखळ्यांचं कडं, त्यात १२ खांब, मग प्रत्येक फेरीला १२ वाढवायचे: २४, ३६, ४८. बाराच का? प्रत्येक फेरीनं त्रिज्या एका खांबाच्या उंचीनं वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या सव्वासहापट वाढायला हवा. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून बारा. वेढा न घेता घातलेला मुका खांब जेमतेम रुंदीइतकाच उंच, म्हणून तिथे सहा पुरतात. रुमाल वाटीसारखा वर येऊ लागला तर वाढ कमी पडते आहे, कडेला झालर पडू लागली तर जास्त होते आहे. बशीखालचा रुमाल इस्त्रीनं सपाट होईल या आशेवर कोणी राहू नये. दोन फेऱ्या उसवणं जास्त सोपं. वाढीचे खांब दर फेरीला एकावर एक आले तर गोलाला कोपरे फुटतात. वाढीची जागा सरकवत न्यावी.

आंतरजालावरच्या नमुन्यांबाबत एक सावधगिरी. आपला खांब ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल असतो, तोच अमेरिकन नमुन्यात डबल क्रोशे. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नमुना कुठला आहे हे न पाहता सुरुवात केली तर उंची दुपटीनं चुकते. सुयांचंही तसंच. आपल्या दुकानातली ८ नंबरची सुई ४ मिमी, १० नंबरची सव्वातीन, १४ नंबरची २ मिमी, म्हणजे नंबर चढेल तशी सुई बारीक. अमेरिकन नंबर उलटे चालतात; त्यांची ८ नंबरची ५ मिमी. नंबर विसरून मिलिमीटर पाहावे.

दोन सुयांवरचं काम तिसऱ्या आठवड्यात. टाके घालायला जो दोरा मोकळा सोडायचा, तो ४ मिमीच्या सुईला दर टाक्यामागे साधारण २ सेंमी. ६० टाक्यांना १२० सेंमी आणि वर एक वीत. दोन्ही सुया एकत्र धरून टाके घालावेत, म्हणजे काठ आवळत नाही. मग सगळ्या ओळी सुलट, हात बसेपर्यंत. एक ओळ सुलट आणि एक उलट असं विणलं की कापड कडांनी मागे आणि खालून-वरून पुढे वळतं. हा विणणाऱ्याचा दोष नाही, त्या विणीचा स्वभाव आहे. कडेला चार-पाच टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवावेत, खाली दोन सुलट-दोन उलटची पट्टी घालावी. या पट्टीत सुलटावरून उलटाकडे जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरून आला तर एक टाका वाढतो आणि खाली भोक पडतं. ओळ संपताना टाके वाढलेले दिसले की आधी अशी भोकं शोधावीत.

टाका सुटून खाली शिडी पडली तर घाबरून सगळं उसवू नये. सुलट बाजू समोर धरावी, क्रोशाची सुई सुटलेल्या टाक्यात घालावी आणि शिडीची सर्वांत खालची पायरी आधी ओढून घ्यावी, मग तिच्यावरची. एखादी पायरी गाळली तर पाठीमागे आडवा दोरा लोंबत राहतो.

आता नमुना, म्हणजे माप पाहण्यासाठी आधी विणायचा तुकडा, ज्याला बाई सर्वांत जास्त वेळ देत आणि मुलं सर्वांत जास्त कंटाळत. ३० टाके घालून १२ सेंमी उंच तुकडा विणायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मधले १० सेंमी मोजायचे. २२ टाके भरले तर स्वेटरच्या ९९ टाक्यांच्या पाठीची रुंदी ४५ सेंमी. हात सैल असून २० भरले तर तीच पाठ साडेएकोणपन्नास. पुढचा भागही तितकाच वाढणार, म्हणजे घेर ९ सेंमी जास्त. दोन टाक्यांच्या फरकानं एक माप चुकतं. अशा वेळी हात बदलायला जाऊ नये, सुई बदलावी. लोकर लडीत आली असेल तर गुंडा बोटांवर सैल गुंडाळावा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आखडते.

सुट्टीअखेरचं काम बाळाचे मोजे. १० नंबरच्या सुया, मऊ बारीक लोकर, जोडीला २५ ग्रॅम पुरते. १० सेंमीत २८ टाके यावेत. ३६ टाके, दोन सुलट-दोन उलट अशा २० ओळी. मग नाडीची ओळ: २ सुलट, एक वेढा, २ टाके एकत्र, असं नऊ वेळा. त्यावर एक ओळ उलट. पुढे २४ टाके विणून वळायचं, मधल्या १२ टाक्यांवर १६ ओळी विणून दोरा तोडायचा. आता पहिल्या १२ टाक्यांनंतर या १६ ओळींच्या पट्टीच्या कडेतून १० उचलायचे, मधले १२ विणायचे, दुसऱ्या कडेतून १०, मग उरलेले १२, एकूण ५६. यावर १० ओळी सुलट. तळव्यासाठी १ सुलट, २ एकत्र, २२ सुलट, २ एकत्र, २ सुलट, २ एकत्र, २२ सुलट, २ एकत्र, १ सुलट. एक ओळ साधी. अशी घट तीनदा, दर वेळी मधल्या २२ चे दोन-दोन कमी करत. ४४ उरले की टाके बंद करून तळवा आणि मागची बाजू शिवायची. कडेतले १० टाके अगदी टोकाच्या दोऱ्यातून उचलले तर भोकं दिसतात, एक टाका आतून उचलावेत. ओळी लिहून ठेवल्या नाहीत की दुसरा मोजा हमखास लहान-मोठा होतो. नाडी मागे दोन टाक्यांनी शिवून टाकावी, बाळ ती ओढून तोंडात घालतं.

लोकर आपल्याकडे बहुतेक लुधियानाहून येते, वर्धमान किंवा ओसवालची. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण बाळाच्या अंगाला भरड. लागेल तेवढी एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्यावी. पांढऱ्यातही दोन लॉटचा फरक उन्हात दिसतो. कमी पडलीच तर दोन गुंडे दोन-दोन ओळींनी आलटून पालटून वापरावेत. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीच फिरवू नये, वीण कायमची लुळी पडते. धुतलेला स्वेटर दोरीवर टांगू नये. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती धुऊन पूर्ण वाळवूनच ठेवावी.

शाळेकडे माझी एक मागणी आहे. आमच्या वेळी प्रत्येकीची नमुन्यांची वही असे. जाड कागदावर टाचलेला चौकोन, खाली सुईचा नंबर, लोकरीचं नाव आणि लॉट, धुण्याआधीचे टाके, धुतल्यानंतरचे टाके. ज्यांच्या घरी अशा वह्या अजून असतील त्यांच्याकडून त्या मागवून घ्याव्यात आणि महोत्सवाच्या प्रदर्शनात काचेआड नाही, टेबलावर उघड्या ठेवाव्यात. वीण बोटांनी ताणून पाहिल्याशिवाय कळत नाही.