फळ्यावरचं पहिलं वाक्य

आल्बेर काम्यू हा फ्रेंच लेखक शिकवण्याची आमच्याकडे एक ठरलेली उतरंड आहे: आधी जीवन, मग विचार, उरलेल्या वेळात कादंबरी. १९१३ साली अल्जीरियात जन्म, पुढच्याच वर्षी वडील पहिल्या महायुद्धात कामी आले, आई लोकांकडे साफसफाईची कामं करायची, सतराव्या वर्षी क्षय, १९५७चं नोबेल. मुलं एवढं उतरवून घेतात आणि पुस्तक न उघडता पास होतात. गाईडात तर तो सरळ 'अस्तित्ववादी' असतो. मी अस्तित्ववादी नाही, असं काम्यूनं १९४५मध्येच मुलाखतीत स्वच्छ सांगितलं होतं. तरी तसं लिहिणाऱ्याला गुण मिळतात, आणि मला दरवर्षी नव्यानं राग येतो.

म्हणून यंदा मी जीवन-बिवन बाजूला ठेवलं आणि त्याच्या १९४२च्या 'आउटसायडर' या कादंबरीचं पहिलंच वाक्य फळ्यावर लिहिलं: 'आज आई ___.' पुढचं क्रियापद तुम्ही भरा, म्हटलं.

'गेली,' सगळा वर्ग एका सुरात. मग कुणीतरी 'वारली' सुचवलं. त्यावर एकजण म्हणाला, वारली तर आपण शेजारच्या आजींबद्दल म्हणतो. मी मर्सोची, म्हणजे हे वाक्य सांगणाऱ्या नायकाची, आठवण करून दिली. हा माणूस जेवढं वाटतं त्याहून तसूभर जास्त बोलत नाही. खून त्यानं केलेलाच असतो, पण कोर्टात त्याला भोवतं ते आईच्या अंत्यविधीला न रडणं. असा माणूस 'गेली' म्हणून मरण झाकून घेईल का? मग पहिल्या बाकावरच्या मुलानं 'आज आई मेली' असं मोठ्यानं वाचलं आणि स्वतःच दचकला. मराठीत ते तोंडातून निघत नाही. शिवाय मूळ फ्रेंचमध्ये 'मामाँ' आहे, लहान मूल मारतं ती हाक. क्रियापद कोरडं आणि नाम मऊ. चाळीस मिनिटं आम्ही एका शब्दावर घालवली आणि मला त्याची जराही खंत नाही. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, त्या दोघांच्या गाठीला काम्यू 'ॲब्सर्ड' म्हणतो, हे त्या एका रिकाम्या जागेतून जितकं पोचलं तितकं माझ्या नोट्समधून कधी पोचलं नव्हतं.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काम्यूची आई तेव्हा जिवंत होती?"

होती, म्हटलं.

"मग तिनं हे वाचलं?"

तिला वाचता येत नव्हतं. ऐकायलाही कमी यायचं, बोलायची अगदी मोजकं. हे मी इतकी वर्षं टिपेतला एक मुद्दा म्हणून सांगत आले होते.

"मग मुलाच्या पुस्तकातलं पहिलं वाक्य काय आहे, ते तिला कुणी सांगितलं असेल का?"

माझ्या हातात खडू तसाच राहिला. वर्ग गप्प. त्या प्रश्नाला काय म्हणावं हे मला आजही सुचलेलं नाही.

तेव्हा मी जे माहीत होतं ते सांगितलं. नोबेल मिळाल्यावर त्यानं आपल्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना पत्र लिहिलं: पहिला विचार आईचा आला, त्यानंतर तुमचा. ४ जानेवारी १९६०ला मोटार अपघातात तो ठार झाला. सोबतच्या बॅगेत एका अपुऱ्या कादंबरीचं हस्तलिखित होतं, वडिलांना शोधणाऱ्या मुलाची गोष्ट. ती 'फर्स्ट मॅन' या नावानं १९९४मध्ये छापली गेली. तिच्या अर्पणात आईला उद्देशून लिहिलंय: तुला, जिला हे पुस्तक कधीच वाचता येणार नाही.

"आणि आई?" तीच मुलगी.

मुलाच्या मागं ती काही महिने राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती... असं म्हणून मी थांबले. फळ्यावरची तिन्ही क्रियापदं पुसायची राहिली होती, आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी 'गेली' म्हटलं.