आमची वाटचाल : पाण्यावर उभा असलेला धंदा

गोव्यात फोंड्याजवळ बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पावडर कोटिंग करतो, म्हणजे धातूचे भाग धुऊन त्यांवर रंगाची पावडर मारतो आणि ती ओव्हनमध्ये भाजतो. सुरुवात खाणींवरच्या यंत्रांच्या सुट्या भागांनी झाली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि आम्ही इलेक्ट्रिक पॅनलकडे वळलो. मधली वर्षं बरी गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची मोठी जलवाहिनी फुटली. ऐन पावसाळ्यात फोंडा आणि तिसवाडीचे नळ कोरडे पडले. टँकर मिळत होते, पण जांभ्या दगडातलं ते पाणी लोहाचं. धुवणीच्या पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटच्या रेझिनवर (क्षार धरणाऱ्या मण्यांवर) लोह बसलं की रीजनरेशन, म्हणजे ॲसिड-कॉस्टिकने रेझिन पुन्हा ताजं करणं, करूनही ते सहजी सुटत नाही. शिवाय पाण्यातले क्षार दुप्पट झाले की दोन रीजनरेशनमध्ये मिळणारं पाणी निम्म्यावर येतं. म्हणजे लिटरमागे ॲसिड आणि कॉस्टिक दुप्पट, ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरणावरचा) भारही तितकाच.

आम्ही लाइन बंद ठेवली. हप्ते, पगार, विजेचा डिमांड चार्ज (वापर नसला तरी लागणारा आकार) चालूच. एका स्पर्धकाने कोटिंगआधीची शेवटची धुवण थेट टँकरच्या पाण्यात काढली आणि आमचा सर्वांत मोठा ग्राहक नेला. दिवाळीनंतर त्या पॅनलना फोड आले. येणारच. थराखाली सुकलेले क्षार बाहेरची ओल आत ओढतात, मग पावडर ८० मायक्रॉन मारली तरी उपयोग नाही. ग्राहक परतला, पण त्या स्पर्धकाचा पडका दर हातात घेऊन. तो दर आजवर सुधारलेला नाही.

वेर्ण्याचे एक पॅनलवाले मात्र तेव्हा आमच्यासाठी थांबले. अजूनही ते स्वतःचा कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात क्षार किती ते दाखवणारा) घेऊन येतात, जॉबच्या, म्हणजे धुतलेल्या भागाच्या, खालच्या कोपऱ्यातून निथळणारं पाणी वाटीत धरतात. रीडिंग ३० मायक्रोसीमेन्सच्या आत असेल तरच माल ओव्हनकडे. मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून ३० मोजू नका, ८४ चं द्रावण घ्या.

नव्यांनी धुवणीच्या दोन टाक्या उलट्या प्रवाहात जोडाव्यात: ताजं पाणी दुसरीत, तिचं ओसंडलेलं पहिलीत. जॉब तिरका टांगावा, बंद खोक्यांना निथळायला भोक हवंच. आणि विम्याचे कागद नीट वाचा. धंदा बंद पडल्याची भरपाई साधारणपणे आपल्याच आवारात नुकसान झालं तर मिळते. बाहेरची जलवाहिनी फुटली तर त्यासाठी सार्वजनिक सेवा खंडित होण्याचं वाढीव कलम लागतं. त्यात पाणी स्पष्ट लिहिलंय का आणि किती तासांनंतर भरपाई सुरू होते, हे सही करण्याआधी एजंटकडून लेखी घ्या.