शिळं पाणी

ताजं ते चांगलं आणि शिळं ते टाकाऊ, हा पाण्याविषयीचा आपला ठरलेला हिशेब. सेंट्रल हीटिंगच्या, म्हणजे गरम पाणी फिरवून अख्खं घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, पाइपांत तो उलटा चालतो. तिथे तेच ते पाणी वर्षानुवर्षं बॉयलरमध्ये तापतं, खोल्याखोल्यांतून फिरतं, निवून परत येतं आणि पुन्हा तापतं. शिळ्या कढीला ऊत आणणं हा टोमणा असेल, पण या यंत्रणेचं सगळं काम तेच आहे. आणि पाणी जितकं शिळं, तितकं ते गुणी. ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. तो रेडिएटरच्या, म्हणजे खोलीला ऊब देणाऱ्या पोकळ पत्र्याच्या, पोलादाला आतून खातो. खाऊन संपला की गंजण्याचा वेग अगदी मंदावतो आणि पाणी निरुपद्रवी होतं. मात्र त्यासाठी त्याला कुणी छेडायला नको.

बिघडलेल्या हीटिंगच्या बऱ्याच तक्रारी इथेच येऊन थांबतात: एक तर नवं पाणी किंवा हवा आत शिरतेय, नाहीतर जुनं पाणी जायला हवं तिथे जात नाहीये. आळ मात्र येतो बॉयलरवर. पडद्यावर आकडे झळकवणारा तो एकटाच ना!

दाबाचंच घ्या. बंदिस्त यंत्रणेत पाणी थंड असताना गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा 1 ते 1.5 बारच्या (बार हे दाबाचं एकक) दरम्यान असावा. पाणी 10 अंशांवरून 80 अंशांवर नेलं की ते साधारण 3 टक्क्यांनी फुगतं, म्हणजे 100 लिटरमागे जवळजवळ 3 लिटर. पाणी दाबून लहान करता येत नाही, तेव्हा या 3 लिटरांना जागा हवी. ती देते एक्स्पान्शन टाकी. तिच्या आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. वर्षागणिक ती हवा झिरपून कमी होते, किंवा पडदाच फाटतो. मग हीटिंग सुरू झालं की काटा सरसर चढून 3 बारला पोचतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सांडतं, आणि सगळं निवल्यावर काटा शून्याशी. बॉयलर रुसतो. घरातलं कुणीतरी नळ फिरवून पाणी भरतं, बॉयलर चालू होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक भरण्यासोबत ताजा प्राणवायू आणि चुन्याचा थोडा नवा अंश आत जातो. औषध म्हणून जे पाजलं जातंय तेच रोगाचं खाद्य आहे.

दुखणं नेमकं कुठे आहे, हे ओळखण्यासाठी काटा कधी हलतो ते पाहावं. तापल्यावरच चढत असेल तर टाकी. सगळं थंड असताना रातोरात चढत असेल तर पाणी भरण्याचा नळ नीट बंद होत नाहीये. उतरत असेल, तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाहेर निघणाऱ्या पाइपाच्या तोंडाला रात्रभर एक प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवावी. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर व्हॉल्व्ह गळतोय. एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो पुढे टिपकतच राहतो, म्हणून टाकी दुरुस्त करताना तोही बदललेला बरा. पिशवी कोरडी असेल, तर गळती बहुधा फरशीखाली किंवा एखाद्या सांध्यात शोधावी लागते.

टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन क्षणभर दाबावी. पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदलायची. हवा आली, किंवा काहीच आलं नाही, तर हवा भरून बघता येते, पण इथे नेहमीची एक चूक होते. पाण्याचा दाब तसाच ठेवून टाकीची हवा मोजली, तर गेज पाण्याचाच दाब दाखवतं आणि सगळं आलबेल वाटतं. बॉयलर बंद करून निवू द्यावा, निचऱ्याचा नळ उघडून पाण्याचा दाब शून्यावर आणावा, तो नळ उघडाच ठेवून पंपाने टाकीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. घरगुती टाकीत तो बहुधा 0.75 ते 1 बार असतो. मग निचरा बंद आणि पाणी पुन्हा जागेवर. टाकी बॉयलरच्या पेटीतच असेल आणि बॉयलर गॅसचा असेल, तर ती पेटी उघडणं परवानाधारक माणसाचं काम. तिथे हौस नको.

आता रेडिएटर. त्याला हात लावून जेवढं कळतं तेवढं बॉयलरच्या पडद्यावरच्या बिघाडाच्या कोडवरून कळत नाही. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा. कडेने आणि वर गरम पण खाली मधोमध गार, तर गाळ. बाकीचे तापलेत आणि हा एकटाच पूर्ण गार असेल, तर व्हॉल्व्हची पिन अडकलेली. खोलीच्या उबेनुसार व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करणारं थर्मोस्टॅटिक डोकं काढलं की ती दिसते; बोटाने दाबून सोडल्यावर तिने काही मिलिमीटर उसळून वर यायला हवं. न आल्यास पान्याच्या सपाट बाजूने हलके ठोकत, दाबत मोकळी करावी. पकडीने ओढू नये, नाहीतर पिन हातात आणि पाणी अंगावर.

रेडिएटरमधली हवा काढताना पाणी फिरवणारा पंप बंद असावा, कारण चालता पंप काही ठिकाणी हवा आतच ओढतो. खालच्या मजल्यापासून सुरुवात करावी, रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेल्या हवेच्या छिद्राची चावी अर्धा फेरा फिरवावी, खाली फडकं धरावं आणि शेवटी काटा पाहून घ्यावा. एकाच रेडिएटरची हवा दर आठवड्याला काढावी लागत असेल, तर ती हवा नसेलही. कमी प्राणवायूत पोलाद गंजताना काळा मॅग्नेटाइट (लोखंडाचा एक गंज) तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. तो पेटतो, म्हणून त्या छिद्राजवळ ज्योत नेऊ नये. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंगही वाचावा. काळं पाणी जुन्या गंजाचं. तांबूस पाणी म्हणजे प्राणवायू अजूनही आत येतोय.

येतो कुठून? कधीकधी भिंतीतून, म्हणजे पाइपाच्या भिंतीतून. प्राणवायू अडवणारा थर नसलेला प्लॅस्टिकचा पाइप बसवला असेल, तर बाहेर टिपूसही न गळता प्राणवायू आत झिरपत राहतो. असं पाणी कधी शिळं होतच नाही. बसवतानाची ही चूक फार महागात पडते, कारण ती दिसत नाही आणि दर दोन-तीन वर्षांनी पंपाच्या माथी मारली जाते.

लांबच्या खोल्या कोमट आणि जवळच्या भाजून काढणाऱ्या, ही तक्रार आली की लोक पंपाचा वेग वाढवतात. पाणी आळशी असतं. सोपी वाट सापडली की तिथूनच परततं. 10 किलोवॉट उष्णता वाहायला, जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यात 20 अंशांचा फरक असेल तर मिनिटाला सुमारे 7 लिटर पाणी पुरतं. फरक 10 अंशांचाच पडला तर 14 लिटर लागतं. पंप वाढवला की आवाज वाढतो आणि परतीचं पाणी गरमच येतं. ते साधारण 55 अंशांच्या वर राहिलं, तर नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ बॉयलरात निवत नाही आणि ती वाफ निववून तिची उष्णता वापरणारा कंडेन्सिंग बॉयलर नावापुरता कंडेन्सिंग उरतो.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा, टोपीखाली लपलेला लॉकशील्ड व्हॉल्व्ह. सगळी थर्मोस्टॅटिक डोकी काढून, बॉयलरपासून सर्वांत लांबचा लॉकशील्ड पूर्ण उघडा ठेवावा, जवळचा बंद करून जेमतेम पाव फेरा उघडावा, आणि प्रत्येकाच्या दोन पाइपांतल्या तापमानाचा फरक मोजत पाव-पाव फेऱ्याने सगळे सारखे करत जावं. दर बदलानंतर दम धरावा. पाणी लगेच उत्तर देत नाही. अख्खा दिवस जातो, खर्च मात्र जवळपास शून्य. म्हणूनच की काय, हे काम कुणी सुचवत नाही.

खोलीचं तापमान पाहून बॉयलर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटची गंमत वेगळी. तो ज्या खोलीत आहे, तिथल्याच रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक डोकं बसवलं की दोघांची जुंपते. डोकं आधीच पाणी तोडतं, खोली ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही आणि बॉयलर धावतच राहतो. त्या खोलीतलं डोकं काढून टाकावं किंवा पूर्ण उघडं ठेवावं.

गाळ फार झाला असेल तर नवा बॉयलर लावण्याआधी यंत्रणा धुऊन घ्यावी, नंतर नाही. नव्या बॉयलरच्या अरुंद वाटा जुना गाळ पहिल्यांदा चोंदवतो. परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या आधी, चुंबकाचा फिल्टर. आणि पाण्यात गंजरोधक द्रव, बहुतेक उत्पादनांचं प्रमाण 100 लिटरला 1 लिटर. एखादा रेडिएटर काढायला पाणी सोडलं की हा द्रवही गटारात जातो, हे विसरलं जातं आणि वर्षभराने पाणी पुन्हा काळं.

ज्योत निळ्याची पिवळी झाली, काजळी दिसली किंवा घरात अकारण डोकं दुखू लागलं, तर मात्र निदान करत बसू नये. बॉयलर बंद, खिडक्या उघड्या आणि बाहेर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा त्याचा अलार्म घरात हवाच.

आणि रात्री फरशीखालून येणारी ती टक-टक? तो बॉयलर नव्हे. तांब्याचा 10 मीटर पाइप 60 अंशांनी तापला की एक सेंटिमीटर लांबतो. लाकडी वाशातल्या खाचेत तो घट्ट बसवला असेल, तर घासत, अडत, सुटत पुढे सरकतो आणि दर सुटण्याला एक टक. खाच थोडी रुंद करून खाली नमद्याची पट्टी सरकवली की तो लांबतो तेवढाच, पण मुकाट्याने.