भर वस्तीतलं हॉटेल: बुकिंगपासून बिलापर्यंत

भर वस्तीतलं हॉटेल घ्यावं की दोन पैसे वाचवून लांबचं, हा हिशेब मी आधी तासांत मांडते, मग पैशांत. लांबच्या हॉटेलातून कामाच्या ठिकाणी जायला ४० मिनिटं आणि यायला ४० मिनिटं धरली, तर तीन दिवसांत ४ तास रस्त्यात जातात. शिवाय दुपारी मध्येच खोलीवर येऊन पाठ टेकायची, सामान टाकून पुन्हा बाहेर पडायचं, हे लांबून जमतच नाही. दोन्हीकडच्या एकूण बिलातल्या फरकाला या तासांनी भागलं की एका तासामागे आपण किती मोजतोय ते कळतं. आकडा पटला तर मध्यभाग. रात्री दहाला पोहोचून पहाटे पाचला निघायचं असेल तर मात्र मध्यभागाचे पैसे नुसते झोपेत जातात, आणि ती झोपही धड मिळत नाही. अशा एका रात्रीसाठी स्टेशन किंवा विमानतळाच्या बाजूचं हॉटेल बरं.

एकूण बिल म्हणजे पडद्यावर ठळक दिसणारा दर नव्हे. त्यात कर, काही ठिकाणी काउंटरवरच घेतला जाणारा शहर-कर किंवा सेवाशुल्क, नाश्ता आणि पार्किंग मिळवायचं. स्वतःची गाडी असेल तर अख्खा हिशेब पार्किंगपाशी फिरतो. मध्यवर्ती हॉटेलांना बरेचदा स्वतःचं पार्किंग नसतं. ती शेजारच्या सार्वजनिक पार्किंगकडे बोट दाखवतात. तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. जागा राखून ठेवतात का, की आधी येईल त्याची? दर २४ तासांचा आहे, की प्रत्येक वेळी आत-बाहेर केल्यावर वेगळा? आणि तळघराच्या दाराची उंची किती? जुन्या तळघरांत ती २ मीटरच्या आसपास असते. उंच गाडीवर कॅरियर असेल तर ती आत जात नाही, आणि हे उतारावर मागे रांग लागलेली असताना समजलं की नाकी नऊ येतात.

यानंतर नकाशा. हॉटेलचे फोटो मी शेवटी पाहते. आधी उपग्रहाचं चित्र आणि रस्त्यावरून घेतलेली दृश्यं. तळमजल्यावर किंवा समोर बार आहे का, तो शुक्रवारी-शनिवारी किती वाजता बंद होतो, बसथांबा दाराशी आहे का, जवळ अग्निशमन केंद्र किंवा मोठं हॉस्पिटल आहे का, शेजारच्या प्लॉटवर क्रेन दिसते का. ट्रामचे रूळ असतील तर वळण कुठे आहे तेही पाहायचं: तीव्र वळणावर चाकं रुळावर आडवी घासतात आणि कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो, सरळ रुळावर तो नसतो. खालून मेट्रो जात असेल तर कंप खालच्या मजल्यांना जास्त जाणवतो. क्रेन किंवा पत्रे ठोकलेला प्लॉट दिसला तर मी हॉटेल सोडून देते. बांधकाम सकाळी लवकर सुरू होतं, आणि त्यावर रिसेप्शनच्या हातात काहीच नसतं.

आवाजाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: वरचा मजला म्हणजे शांत. वाहता रस्ता हा लांबलचक रेषेसारखा आवाजाचा स्रोत असतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. दुसरा मजला रस्त्यापासून ६ मीटर आणि आठवा साधारण २५ मीटर धरला, तर सहा मजले चढून पदरात जेमतेम ६ डेसिबल पडतात. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. वर गेल्यावर समोरच्या इमारतींचा आडोसाही सुटतो आणि लांबचे रस्तेही ऐकू येऊ लागतात. अगदी शेवटच्या मजल्यावर गच्चीवरची एसीची यंत्रं डोक्यावर घुमतात. त्याउलट त्याच इमारतीत रस्त्याकडे पाठ असलेली खोली मिळाली, तर मधे अख्खी इमारत येते आणि १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त फरक सहज पडतो. म्हणून माझी मागणी ‘वरचा मजला द्या’ अशी नसते, ‘आतल्या बाजूची द्या’ अशी असते.

आतली बाजूही डोळे झाकून घ्यायची नाही. तिथे स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, माल उतरवायची जागा आणि कचऱ्याची गाडी असू शकते. बाटल्यांचा डबा पहाटे रिकामा होतो तेव्हा डोळ्याला डोळा लागणं कठीण. उपग्रहाच्या चित्रात अंगणात पत्र्याची शेड किंवा गच्चीवर चौकोनी यंत्रांची रांग दिसली की मी त्याच्या पलीकडची बाजू मागते. काही आतल्या खोल्यांची खिडकी नुसत्या डक्टमध्ये उघडते, उजेड जवळजवळ नसतो. दोन रात्रींसाठी मला चालतं. आठवडाभर राहायचं असेल तर नाही.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा आणि एखादा सुटा आवाज ४५ च्या वर जाऊ नये असं सुचवलं. खिडकी किंचित उघडी असली की बाहेरचा आवाज साधारण १५ डेसिबलच कमी होऊन आत येतो. म्हणजे वर्दळीच्या रस्त्यावर खिडकी उघडी ठेवून झोपायचा विचार सोडूनच द्यावा; खिडकी नीट मिटते की नाही आणि ती मिटल्यावर हवा खेळते की नाही, हे दोन प्रश्न एकदमच सोडवावे लागतात.

खोलीचं क्षेत्रफळ दिलेलं असेल तर वाचावं, कारण फोटो रुंद लेन्सने काढलेले असतात. १६० बाय २०० सेंटिमीटरचा पलंगच ३.२ चौरस मीटर खातो. १४ चौरस मीटरच्या खोलीतून बाथरूमचे तीनेक आणि दाराजवळच्या बोळाचे दोनेक वजा केले, की दोन मोठ्या बॅगा एकदम उघडायला जागा उरत नाही. एकट्याला पुरतं. दोघांसाठी मी १८ च्या खाली जात नाही.

रिव्ह्यू वाचताना सरासरी गुण सोडून द्यावेत. सगळ्यात नवे आधी लावायचे, गेल्या तीन-चार महिन्यांपुरते घ्यायचे, आणि त्यात लिफ्ट, आवाज, गरम पाणी, दुरुस्ती, एसी हे शब्द शोधायचे. दोन माणसांनी खोली क्रमांकासह तीच तक्रार केली असेल तर ती खरी धरते. लिफ्टबद्दल कुरकुर दिसली की हॉटेलात खोल्या किती आणि लिफ्ट किती ते पाहायचं: ७५ ते १०० खोल्यांना एक लिफ्ट हा ढोबळ अंदाज. लिफ्ट त्याहून कमी असतील आणि त्यातली एक बंद पडली, तर चेक-आउटच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं लॉबीत आणि मजल्यावर उभं राहायची तयारी ठेवायची. अशा ठिकाणी मी तिसरा किंवा चौथा मजला मागते, म्हणजे वेळ पडल्यास जिना परवडतो.

बुकिंग कुठून करायचं यात थोडी खाचखळग्याची बाब आहे. मध्यस्थ संकेतस्थळावर दर कमी दिसला तरी बदल आणि परतावा त्यांच्यामार्फतच करावा लागतो. हॉटेलवाले हात वर करतात. हॉटेलं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात तेव्हा, सगळे हजर झाले तर, कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. त्यात पहिला नंबर बहुधा एका रात्रीसाठी आलेल्या, मध्यस्थामार्फत बुक केलेल्या आणि रात्री उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याचा लागतो. ही तिन्ही लक्षणं आपल्यात असतील तर दुपारीच फोन करून ‘रात्री अकराला पोहोचते, खोली ठेवा’ असं सांगायचं आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवायचं.

खोलीची मागणी बुकिंग करतानाच्या रकान्यात लिहून भागत नाही. कोणती खोली कुणाला, हे बहुतेक ठिकाणी आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी ठरतं. म्हणून मी आदल्या दिवशी दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान फोन करते. चेक-आउटची गर्दी ओसरलेली असते आणि चेक-इनची सुरू व्हायची असते. मागणी एका दमात आणि महत्त्वाच्या क्रमाने सांगायची: ‘आतल्या बाजूची, कनेक्टिंग रूम नको, लिफ्टपासून लांब.’ यातली मधली अट लोक विसरतात. दोन खोल्यांमधलं दार भिंतीच्या तुलनेत पातळ असतं, खालून फटही असते. शेजारच्यांचं फोनवरचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं. पाच-सहा मागण्या केल्या तर एकही धड लिहून घेतली जात नाही.

त्याच फोनवर विचारायचं: त्या दिवशी मॅरेथॉन, मिरवणूक, सभा अशा काही कारणाने रस्ते बंद आहेत का? मध्यभागात हे नेहमीचं असतं, आणि टॅक्सी दोन चौक अलीकडे सोडून देते. चेक-इन दुपारी दोन-तीनला असलं तरी बॅगा आधी ठेवून घेतात. टॅगचा तुकडा मागून घ्यायचा आणि औषधं, लॅपटॉप, कागदपत्रं जवळच ठेवायची.

काउंटरवर ओळखपत्रासोबत कार्ड मागतात आणि राहण्याच्या रकमेच्या वर काहीतरी ब्लॉक करतात. किती रक्कम आणि किती रात्रींची, हे सही करायच्या आधी विचारावं. इथे डेबिट कार्ड देऊ नये: ब्लॉक झालेले पैसे आपल्याच खात्यातले असतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते, रोकड नाही.

खोलीत गेल्यावर पहिली दहा मिनिटं बॅग उघडायची नाही, पलंगावर बसायचं नाही, बाथरूमही वापरायचं नाही. खोली न वापरलेली असेल तर बदलून देणं त्यांना सोपं जातं. एकदा चादर चुरगळली की ती पुन्हा साफ करावी लागते आणि उत्तर बदलतं. आधी एसी बंद करून दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि काय ऐकू येतं ते पाहायचं. खिडकीचा खटका पूर्ण बसतो का? फटीवर हाताची मागची बाजू धरली की हवेची झुळूक कळते. जिथून हवा येते तिथूनच आवाज येतो. मग एसी चालू करून तापमान पाच अंशांनी खाली घ्यायचं आणि हवा खरंच थंड होते का ते बघायचं. पुष्कळ जुन्या इमारतींत एसीच्या पाण्याच्या नळ्यांची एकच जोडी असते: अख्ख्या इमारतीत एका वेळी एकतर गार पाणी फिरतं किंवा गरम. ऋतू बदलायच्या दिवसांत बाहेर उकडत असलं तरी इमारत ‘गरम’वर असू शकते, आणि भिंतीवरचं बटण कितीही खाली नेलं तरी उपयोग होत नाही. तेव्हा खोली बदलून काही साधत नाही, पंखा मागायचा.

गरम पाण्याचा नळ एक-दोन मिनिटं सोडून बघायचा, उशीकडच्या बाजूने चादर उचलून गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी टॉर्चने पाहायची. ढेकूण ५-७ मिलिमीटरचा असतो, पण बहुधा आधी दिसतात ते काळे ठिपके. ते दिसले तर त्याच मजल्यावरची शेजारची खोली घेऊ नये.

यानंतर दाराच्या मागचा नकाशा पाहून जिन्यापर्यंत चालत जायचं आणि वाटेतली दारं मोजायची. धुरात दिसत नाही, हाताने मोजत जावं लागतं. १९८० मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग तळमजल्यावर लागली होती, पण मेलेल्या ८५ जणांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गेले. जिन्याचं दार आतून परत मजल्यावर उघडतं की नाही हेही बघावं. काही इमारतींत ते फक्त तळाशीच उघडतं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. खोलीत वीज कार्डावर चालत असेल तर कार्ड काढल्यावर कोणता सॉकेट जिवंत राहतो ते पाहून चार्जर तिथे लावायचा. बहुधा फ्रिजचा राहतो. वायफाय रात्री आठ ते अकरा रांगत चालतं, मोठ्या फाइली सकाळीच पाठवाव्यात. नाश्त्याला कामाच्या दिवशी आठच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी साडेआठच्या आधी जावं. फोमचे इअरप्लग बोलणं आणि हॉर्न चांगले अडवतात, बारच्या बासची धडधड नाही, कारण जाड आवाज भिंतीतून आणि पलंगातून येतो. त्यावर खोली बदलणं हाच इलाज.

निघायच्या आदल्या रात्री दहानंतर काउंटर मोकळं असतं. तेव्हाच बिलाची प्रत मागून मिनीबार, पार्किंग आणि दुबार लागलेला कर तपासावा; सकाळी दहाच्या रांगेत कुणी चूक मान्य करायच्या मनःस्थितीत नसतं. कार्डावरची ब्लॉक रक्कम सोडल्याची नोंद त्यांच्याकडून लेखी घ्यावी, आणि आठवडा उलटूनही ती मोकळी झाली नाही तर तो कागद घेऊन आधी बँकेकडे जावं.