कुत्र्यांना टोचून वाघ कसा वाचणार?

बेळगावच्या खानापूर तालुक्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर लसीकरणाला गेलं की कुणीतरी विचारतंच, "कुत्र्यास्नी टोचून वाघाचं काय भलं होणार ओ? वाघालाच टोचा की!" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

डिस्टेंपर कुत्र्यांचा रोग म्हणून ओळखला जातो, पण गोवराच्या कुळातला हा विषाणू वाघ-सिंहांनाही सोडत नाही. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या जंगलातले जवळपास एक तृतीयांश सिंह त्याच्या साथीत मेले. विषाणू त्याआधीही तिथे येऊन गेला होता, तेव्हा एवढं काही झालं नव्हतं. या खेपेला आधी दुष्काळ पडला होता. गोचिडांनी भरलेल्या मरतुकड्या रानम्हशी सिंहांनी खाल्ल्या आणि डिस्टेंपरच्या जोडीला गोचीडताप आला. आपल्याकडे 2018 मध्ये गुजरातेत गीरच्या दलखाणिया भागात तीन आठवड्यांत 23 सिंह गेले, त्यातल्या काहींत हाच विषाणू सापडला. मग अमेरिकेहून लशीचे 300 डोस आणून पकडलेल्या सिंहांना टोचले.

इथल्या भीमगड अभयारण्यात हे जमेल? गीरचा सिंह कळपात, उघड्यावर दिसतो. आपला वाघ दिसला तर कॅमेऱ्यात! आज इथे, उद्या गोव्याच्या म्हादई अभयारण्यात, नाहीतर दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पात. त्याला बेशुद्ध करून एक डोस दिलात, तरी पुढच्या डोसला तोच वाघ शोधणार कुठे?

कुत्र्यांना टोचलं की काम फत्ते, असंही नाही. सेरेंगेटीत कुत्र्यांना टोचूनही सिंहांतला विषाणू थांबला नाही. रशियाच्या अतिपूर्वेकडे तर तो मुख्यतः रानातल्याच लहान मांसाहारी प्राण्यांत फिरतो. तरी मी टोचतो. गवाळी, कोंगळा, आमगावकडची कुत्री गुरांमागे थेट रानात जातात आणि बिबट्या तर अंगणातून कुत्रं उचलतो. विषाणूची ही वाट तरी आपल्या हातातली आहे.

खरी अडचण वेगळीच. फुकटच्या शिबिरात मिळते ती रेबीजची लस. मालकाला वाटतं, झालं टोचून. डिस्टेंपरची लस वेगळी, पदरच्या पैशांची. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की सुरू करायची आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची. राखणीच्या कुत्र्यावर एवढा खर्च कोण करणार? माझ्या मते वनखात्यानेच तो करावा.

तोवर एवढं करा. पिल्लाच्या नाकाडोळ्यांतून घाण येत असेल, झटके येत असतील, तर ते बांधून ठेवा, गुरांमागे सोडू नका. मेलं तर ओढ्याकाठी टाकू नका, खोल पुरा.