गळ्यातलं ओळखपत्र

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती ट्रायजमध्ये, म्हणजे आलेल्या पेशंटला आधी तपासतात त्या खोलीत, आली तेव्हा तिच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं. पायांत घरातल्या सपाता, अंगावर सैल टी-शर्ट आणि त्यावर फोटो असलेलं ते कार्ड. बरोबर तिची आई. तिने मात्र चर्चला जाताना घालावा तसा इस्त्रीचा कोट घातला होता, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली. इतक्या रात्री या दोघी अशा का आल्या असतील, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

मी मिरजेत नर्सिंग शिकले. गेली बारा वर्षं अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आहे, त्यातली नऊ लेबर रूममध्ये. रात्रपाळीच जास्त केली.

बाई चौतीस वर्षांची, कृष्णवर्णीय, हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवणारी. पहिलटकरीण, एकोणतिसावा आठवडा. तक्रार दोन दिवसांपासून डोकं ठणकतंय आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय अशी. आदल्या दिवशी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे छातीत जळजळ असेल म्हणून सांगितलं, डोकेदुखीची गोळी देऊन घरी पाठवलं. मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, उजव्या दंडाला बीपीचा पट्टा, म्हणजे कफ, बांधला. बीपी आलं 138/88.

"घरच्या मशीनवर याहून जास्त येत होतं," ती म्हणाली.

"घरची मशीन्स थोडं इकडेतिकडे दाखवतात," मी म्हणाले.

हे वाक्य मी आजवर किती जणींना ऐकवलं असेल, कोण जाणे. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, आकडा सांगितला. त्यांनी अँटासिड आणि पॅरासिटामोल द्यायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवू म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनी निर्णय घेतला तो मी सांगितलेल्या आकड्यावर. मी औषध आणायला वळले.

"मॅडम, माझ्या मुलीची वही एकदा बघा," मागून तिची आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. शब्द तोलून, कुणाला राग येऊ नये अशा बेताने काढलेला.

आखलेल्या पानावर तारीख, वेळ, वरचं बीपी, खालचं बीपी, आणि शेजारी 'बसून' अशी नोंद. रात्री 9.40 ला 158/104. 11 वाजता 162/108. 12.30 ला 166/110. प्रयोगशाळेच्या वहीत निरीक्षणं लिहितात तसं नीट लिहिलेलं. ते 'बसून' वाचलं आणि पोटात खड्डा पडला. कुशीवर झोपलेल्या बाईच्या वरच्या हाताचं बीपी घेतलं तर तो हात हृदयापेक्षा उंच राहतो आणि आकडा कमी येतो. हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवते.

तिला उठवून बसवलं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. 172/114. पंधरा मिनिटांनी पुन्हा, 170/112. घड्याळात 2.50 वाजले होते. चाळीस मिनिटं गेली होती, आणि ती माझ्यामुळे गेली होती.

गरोदरपणात बीपी 160/110 किंवा त्याहून वर टिकून राहिलं, तर अर्ध्या ते एका तासात ते उतरवायचं औषध गेलंच पाहिजे. नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, झटके येऊ शकतात. यासाठी आमच्याकडे ठरवून दिलेली पद्धत आहे आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आकडा नोंदला की घड्याळ सुरू होतं, मग पेशंट कोण, कुठली, विमा कुठला, याने काही फरक पडत नाही. फक्त ते घड्याळ आकड्यावर चालतं, आणि आकडा घेते माझ्यासारखी कुणीतरी. त्या रात्री माझ्या चुकीच्या आकड्याने ते घड्याळ सुरूच झालं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. लॅबेटालॉल 20 मिलिग्रॅम, मग 40. झटके टाळायला मॅग्नेशियम, बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनचा पहिला डोस. रक्ताचा रिपोर्ट आला: प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी, 78 हजार, लिव्हरचे आकडे चढलेले. बरगडीखालचं दुखणं जळजळ नव्हतीच, लिव्हरला सूज होती. बीटामेथासोनचा दुसरा डोस चोवीस तासांनी द्यायचा असतो, तेवढा वेळ मिळाला नाही. पाचच्या सुमारास बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले, प्लेटलेट 61 हजारांवर आले. पाठीत इंजेक्शन देणं धोक्याचं म्हणून पूर्ण भूल देऊन सीझर केलं. मुलगी झाली, 1080 ग्रॅमची. मांजराच्या पिलासारखी बारीक आवाजात रडली. तो आवाज ऐकायला तिची आई शुद्धीवर नव्हती.

सकाळी मिरजेच्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलले. नाव-गाव काही न सांगता घडलं ते सांगितलं. तिने विचारलं, "कृष्णवर्णीयांचं शरीरच वेगळं असतं का गं?" हा प्रश्न मला इथल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही विचारलाय. तिला म्हणाले, शिकागोच्या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातली बाळं तपासून 1997 साली दाखवून दिलंय: आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळांची वजनं गोऱ्या अमेरिकन बायकांच्या बाळांच्या जवळ जातात. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांची बाळं मात्र हलकी. दोष रक्ताचा असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यांत हलकी निघायला हवी होती. आर्लीन जेरोनिमस या संशोधक 1990 च्या दशकापासून सांगत आल्या आहेत, की अपमान, काळजी आणि सदा सावध राहणं वर्षानुवर्षं सोसून शरीर अकाली झिजतं. मला हे पटतं, कारण त्या झिजेची रक्तदाबाच्या आकड्यांतली खूण मी रोज पाहते.

अमेरिकेत 2022 मध्ये गोऱ्या बायकांच्या दर शंभर बाळांमागे साधारण 9.4 कमी दिवसांची होती, कृष्णवर्णीयांच्या 14.6. 2023 मध्ये लाख जन्मांमागे गोऱ्या 14.5 माता गेल्या, कृष्णवर्णीय 50.3. शिक्षणाने ही दरी बुजत नाही. पदवीधर कृष्णवर्णीय बाई पदवीधर गोऱ्या बाईपेक्षा पाच पट जास्त दगावते, असं सीडीसीचंच, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचंच, 2019 चं विश्लेषण सांगतं. सीडीसीचं मुख्यालय आमच्या अटलांटात आहे. तिथे काम करणाऱ्या साथरोगतज्ज्ञ डॉ. शॅलन अर्व्हिंग 2017 च्या जानेवारीत, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी, वाढलेल्या बीपीच्या गुंतागुंतीने गेल्या. छत्तीस वर्षांच्या होत्या. लोकांच्या तब्येतीतल्या याच विषमतेवर त्या काम करत होत्या. आमच्या भागातल्या लेबर रूममध्ये त्यांचं नाव माहीत नाही अशी नर्स विरळा.

हे सगळं त्या रात्रीही मला पाठ होतं. तरी मी तिला म्हणाले, घरची मशीन्स इकडेतिकडे दाखवतात.

तिसऱ्या दिवशी मॅग्नेशियम थांबल्यावर ती जरा बोलण्याइतकी सावरली. मी माफी मागितली. कुशीवर बीपी घेतलं ते चुकलं, तुमचं ऐकलं नाही तेही चुकलं, असं सरळ सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईने वही दाखवली नसती तर?" मी उत्तर दिलं नाही. मला माहीत होतं, आणि तिलाही.

न राहवून ओळखपत्राचं विचारलं. शाळेतून थेट आला होतात का?

"नाही. दवाखान्यात जाताना घालतेच. मी शिक्षिका आहे हे दिसलं की लोक जरा नीट ऐकतात. आईचा कोटही त्यासाठीच."

माझी आजी आठवली. तिच्या गावाहून मिरजेच्या दवाखान्यात जायचं असलं, की ती ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढायची. पोटात कितीही कळ असो, आधी लुगडं. लहानपणी मला वाटायचं, डॉक्टरांचा मान ठेवायला. पुढे एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बरं नेसलं की हिडीसफिडीस करत नाहीत." मी नर्सिंगला असताना कुठल्या बायकांना 'ओरडू नको' म्हणून दटावलं जायचं आणि कुणाला खुर्ची मिळायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोण कुठल्या वस्तीतून आली हे नावावरून कळायचं, लुगड्यावरूनही. तिथेही मी गप्पच होते. तेव्हा शिकाऊ होते, हे कारण होतं. आता कारण नाही.

आमच्या ट्रायजच्या फॉर्मवर घरच्या बीपीसाठी जागाच नव्हती. मी झालेली चूक लिहून दिली आणि ती जागा मागितली. दोन महिने लागले, पण आता आहे. घरचा आकडा 160/110 किंवा वर असेल, तर बसवून लगेच पुन्हा बीपी घ्यायचं, डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगायचे. नव्या मुलींना मी आता कफ बांधायच्या आधी एकच प्रश्न विचारायला लावते: "घरी किती होतं?"

डिस्चार्जनंतर तीन दिवसांत बीपी दाखवायला बोलावलं होतं. ती आली, दाखवून झाल्यावर एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेली. रात्रपाळी संपवून मीही तिकडून डोकावले. बाळाच्या नाकावर श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क होता, डोक्यावर विणलेली टोपी. सिस्टरने बाळ उचलून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. ओळखपत्र तिच्या गळ्यात होतंच. तिने ते दोरीसकट फिरवून पाठीवर टाकलं, बाळाच्या गालाला टोचू नये म्हणून.